थर्ड सेमला फार्माकॉलॉजी गळ्यात पडलंय, पोरी नुसत्या घोकतायत, काय करू?

नवी_ट्यूटर_सोलापूर:

नमस्कार मंडळी. मी सोलापुरात एका प्रायव्हेट नर्सिंग कॉलेजला क्लिनिकल इन्स्ट्रक्टर आहे. बीएस्सी करून दोन वर्षं वॉर्डात काढली, मग लग्न झाल्यावर नाईट जमेना म्हणून इकडं आले. यंदा फार्माकॉलॉजी, म्हणजे औषधांचा विषय, माझ्याकडं आलंय. आलंय म्हणजे काय, मीटिंगमध्ये सगळ्या मॅडमनी आपापला जुना विषय घट्ट धरून ठेवला आणि जे उरलं ते नवीन बाईच्या पदरात, झालं. थर्ड सेमला २० तास, फोर्थला ६० तास, आणि पेपर पॅथॉलॉजी-जेनेटिक्ससोबत एकत्र, त्यामुळं पोरींना वाटतं की थोडंसं हे घोकलं, थोडंसं ते घोकलं की निघून जाईल.

आता मुद्दा. परवा मी इंटर्नलला एक साधा प्रश्न टाकला की लॅसिक्स (लघवी वाढवणारं औषध) द्यायच्या आधी काय बघाल आणि दिल्यावर काय बघाल. ३८ पोरी आहेत. बहुतेक सगळ्यांनी लूप ऑफ हेन्ले (किडनीतला भाग, जिथं ते काम करतं) स्पेलिंगसकट बरोबर लिहिलंय, डाययुरेटिकचे म्हणजे अशा लघवीच्या औषधांचे सगळे प्रकार लिहिलेत, एकीनं तर किडनीची आकृती काढून रंगवलीय. पण बीपी बघेन, युरिन मोजेन, पोटॅशियमचा रिपोर्ट बघेन, असं लिहिणाऱ्या चारजणी. चार!

दुसरं म्हणजे गणित. पेडियाट्रिक पोस्टिंगला १० किलोचं बाळ होतं, ताप होता, पॅरासिटामॉल १५ मिलिग्रॅम प्रति किलो म्हणजे १५० द्यायचं, बाटलीवर ५ मिलीत १२५. किती मिली देशील म्हटलं तर पोरगी म्हणते मॅडम एक चमचा देतात ना. दुसरी म्हणाली मोबाईल खाली जमा आहे. (६ मिली. आणि तिथंच शेल्फवर २५० वाली बाटली पण होती, तिच्यातून ३ मिली. हे कळलं नाही तर दुप्पट जातंय की ओ.)

तिसरी गोष्ट भाषा. माझ्या वर्गात घरी तेलुगू बोलणाऱ्या आहेत, अक्कलकोटकडच्या कन्नड बोलणाऱ्या आहेत, शाळा बहुतेकींची मराठी, आणि पुस्तक इंग्लिश. मी मराठीत समजावलं की डोळे चमकतात, पण वरून निरोप येतो की पेपर इंग्लिशमध्ये आहे तर इंग्लिशमध्येच शिकवा. मी स्वतः कॉलेजात असताना हा विषय घोकूनच पास झाले हे खरं सांगते, त्यामुळं घोकू नका म्हणताना मलाच कसंतरी होतं.

कुणी शिकवलंय का हा विषय? कुठनं सुरुवात करू?

बघा_की:

पीपीटी लावा, वाचून दाखवा, हजेरीवर सही घ्या. सगळीकडं हेच चालतंय. जास्त मनावर घेऊ नका मॅडम.

आयसीयू_नाईट:

वरचे साहेब तुमच्या घरचं माणूस आयसीयूत असेल आणि ड्रिप लावायला पीपीटी बघून पास झालेली सिस्टर येईल तेव्हा बोलू.

ताई, १४ वर्षं आयसीयूत आहे, शिकवत नाही पण दर सहा महिन्यांनी नवीन मुली येतात त्यांना आम्हीच परत शिकवतो, म्हणून लिहिते. पहिलं म्हणजे औषधांचं वर्गीकरण फेकून द्या. (नंतर उचला, पेपरला लागतं.) हातात सिरिंज द्या आधी.

इन्सुलिनचंच घ्या. व्हायल जास्त करून ४० युनिट प्रति मिली, तिची सिरिंज लाल टोपीची. पेनमधलं आणि काही व्हायलमधलं १०० युनिट प्रति मिली, त्या सिरिंजला नारंगी टोपी. आता १०० वाली व्हायल घेतली आणि लाल टोपीच्या सिरिंजनं २० च्या रेषेपर्यंत ओढलं तर पेशंटला गेलं किती? अर्धा मिली, म्हणजे ५० युनिट. अडीचपट. पहाटे पेशंट घामाघूम, बेशुद्ध, आणि चार्टवर लिहिलेलं २० बरोबरच दिसतं, कुणाला चूक सापडत नाही. हे फळ्यावर सांगून डोक्यात जात नाही, रंगीत पाणी आणि दोन्ही सिरिंजा टेबलावर ठेवा आणि ओढायला लावा, मग बघा.

दुसरं पोटॅशियम क्लोराईड. १० मिलीच्या अँप्यूलमध्ये २० मिलिइक्विव्हॅलंट (पोटॅशियम ह्या मापात मोजतात) असतं. थेट शिरेत ढकललं तर हृदय थांबतं, एवढं सगळ्यांना पाठ असतं. पण बाटलीत कसं घालायचं ते कुणी सांगत नाही. स्टँडला लटकलेल्या बाटलीत खालून टोचून मोकळ्या होतात, ते जड असतं, खालीच साचतं आणि पहिल्यांदा तेच जातं. बाटली खाली उतरवायची, घालायचं, चारपाच वेळा उलटीपालटी करायची, लेबल लावायचं, मग टांगायची. हे पुस्तकात एका ओळीत असतं, प्रॅक्टिसमध्ये तीच ओळ जीव वाचवते.

ड्रिपचं गणित वहीत करू नका, घड्याळ लावून करा. ५०० मिली ४ तासात, साध्या सेटला २० थेंब म्हणजे १ मिली, तर मिनिटाला ४२ थेंब येतात. वहीत सगळ्यांचे ४२ येतात हो, पण रोलर फिरवून प्रत्यक्षात ४२ पडतायत का ते मोजायला लावा, निम्म्यांचे ७० पडतात. आणि मायक्रोड्रिपला ६० थेंब म्हणजे १ मिली, त्यामुळं तासाला जेवढे मिली तेवढेच मिनिटाला थेंब, हे एकदा त्यांना स्वतःहून सापडू द्या, सांगू नका. सापडलं की चेहरा बघण्यासारखा होतो.

माझी स्वतःची गोष्ट सांगते. शिकत असताना फिट आलेल्या पेशंटचं फेनिटोईन मी डेक्स्ट्रोजमध्ये घातलं. नळीत दुधासारखं पांढरं झालं. नशीब की इन्चार्ज सिस्टर मागंच उभ्या होत्या, नळीला चिमटा लावला आणि मला जे बोलल्या ते इथं लिहिता येणार नाही. पण फेनिटोईन फक्त नॉर्मल सलाईनमध्ये आणि मिनिटाला ५० मिलिग्रॅमच्या वर नाही, हे आता झोपेत विचारलं तरी सांगेन. तेव्हा वर्गात सांगितलं होतं का? सांगितलं असणार. मी ऐकलं नसणार.

जुनी_सिस्टर_ट्यूटर:

बाळ, मी ३० वर्षं शिकवून रिटायर झाले, आता जुळे सोलापुरात नातवंडं सांभाळते. तुझा प्रश्न वाचून बरं वाटलं, अजून कुणीतरी मनावर घेतंय.

भाषेचं आधी सांगते. समजवायचं मराठीत, औषधाचं नाव आणि महत्त्वाचे शब्द इंग्लिशमध्येच, आणि तासाची शेवटची दहा मिनिटं त्यांनी तेच इंग्लिशमध्ये चार ओळीत लिहायचं. चुका मोजायच्या नाहीत. वरच्यांना ती वही दाखव, गप्प बसतात.

रिसेप्टर, म्हणजे पेशीवरची औषध बसायची जागा, शिकवताना मी कधी कुलूप-किल्ली सांगितलं नाही, ते पुस्तकात असतंच. मी एसटी सांगायची. सोलापूर-पुणे गाडी लागली की खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतात ना, तो रुमाल म्हणजे अँटागोनिस्ट. सीट अडवली, पण रुमाल काही पुण्याला जात नाही, काम शून्य. खरा प्रवासी म्हणजे अ‍ॅगोनिस्ट, बसला की तिकीट फाटतं. गर्दी फारच झाली तर लोक रुमाल सारून बसतात, ते कॉम्पिटिटिव्ह. आणि मॉर्फिन जास्त झालेल्या पेशंटला नॅलोक्सोन दिलं की ते येऊन बसलेल्या मॉर्फिनला उठवून स्वतः बसतं, पेशंट डोळे उघडतो, सगळे खूश. पण नॅलोक्सोनचं तिकीट जवळच्या मोहोळपर्यंतचंच असतं गं, तासाभरात उतरतं, आणि मॉर्फिन गाडीतच उभं आहे, ते परत बसतं. म्हणून पेशंटनं डोळे उघडले म्हणून चहा प्यायला जायचं नाही, श्वास मोजत बसायचं. हे एकदा सांगितलं की पोरी विसरत नाहीत. माझी एक विद्यार्थिनी आता दुबईला आहे, अजून फोनवर मोहोळ म्हणते आणि हसते.

तसंच गोळी गिळली की ती आधी लिव्हरमधनं जाते. मी पूर्वी जकात नाका म्हणायची, आता त्यांना जकात माहीत नाही म्हणून टोलनाका म्हणावं लागतं. नाक्यावर बराच माल कापला जातो. सॉर्बिट्रेट जिभेखाली का, तर ती नाका चुकवून जाणारी वाट आहे. पेशंटनं पाण्याबरोबर गिळून टाकली तर छातीत दुखणं थांबायला वेळ लागतो, म्हणून जवळ उभं राहून जिभेखाली ठेवलीय ना ते बघायचं.

औषधांच्या नावांच्या शेपट्या, म्हणजे शेवटची अक्षरं, पण शिकव. ओलॉल म्हटलं की नाडी मोज आणि दमा विचार. प्रिल म्हटलं की कोरडा खोकला. डिपिन म्हटलं की पायाला सूज. मायसिन म्हटलं की कान आणि किडनी. अशा वीसेक शेपट्या झाल्या की अर्धा विषय झाला.

फोर्थ_सेम_वाली:

मी स्टुडंट आहे, कॉलेजचं नाव नाही सांगत. मॅडम तुम्ही विचारलं म्हणून सांगते, आम्ही घोकतो कारण विचारायची लाज वाटते. इंग्लिशमध्ये विचारता येत नाही आणि मराठीत विचारलं की मागच्या बाकावरच्या हसतात. आमच्या घरी तेलुगू बोलतात, मराठी पण मला शाळेत आली, आणि आता तिसरी भाषा. आई विड्या वळते, हजार विड्यांवर मजुरी असते, तर मी पण सुट्टीत बसते तिच्यासोबत.

एक गोष्ट झाली. सरांनी ऑटोनॉमिक (शरीरात आपोआप चालणारी मज्जासंस्था) शिकवताना निकोटिनिक आणि मस्करिनिक रिसेप्टर सांगितले, काही कळलं नाही. घरी आल्यावर लक्षात आलं की निकोटिन म्हणजे तंबाखूतलंच, म्हणजे तंबाखूचं औषध जिथं बसतं ते निकोटिनिक! आमच्या घरातच आहे की ते! मग मी मस्करिनिक शोधलं तर ते एका विषारी मशरूमवरनं आलंय. तेव्हापासून मला त्या चॅप्टरची भीती वाटत नाही. पण हे सरांनी एका वाक्यात सांगितलं असतं तर दोन महिने वाचले असते.

आणि अजून एक, वॉर्डात सगळे ब्रँड बोलतात. पॅन दे, एमसेट दे, मोनोसेफ लाव, अ‍ॅव्हिल दे. पुस्तकात पॅन्टोप्राझोल, ऑन्डान्सेट्रॉन, सेफ्ट्रायक्झोन, फेनिरामिन. आम्हाला पहिले सहा महिने कळतच नाही की दोन्ही एकच. जनऔषधीच्या दुकानातल्या पट्टीवर मूळ नाव असतं ते बघून मी वही केली, एका बाजूला वॉर्डातलं नाव, एका बाजूला खरं नाव. मैत्रिणींनी झेरॉक्स मारून मारून फिक्कट केलीय ती.

फार्मावाला_डॉक्टर:

छान चर्चा. मी मेडिकलच्या मुलांना हाच विषय शिकवतो, नर्सिंगचे पण काही तास घेतले आहेत आणि कबूल करतो की सुरुवातीला एमबीबीएसच्याच स्लाईड लावल्या होत्या. चूक होती ती. डॉक्टरला प्रश्न असतो की कुठलं औषध द्यावं, सिस्टरला प्रश्न असतो की आत्ता हे देऊ का, आणि दिल्यावर काय बिघडू शकतं. विषय तोच, दार वेगळं.

ज्येष्ठ सिस्टर, एसटीचा रुमाल मी उद्यापासून चोरणार आहे, परवानगी असावी. फक्त मायसिनची शेपटी जरा जपून. जेन्टामायसिन, स्ट्रेप्टोमायसिन, अमिकासिन ह्यांना कान-किडनी बरोबर आहे, पण अ‍ॅझिथ्रोमायसिन वेगळ्या घराण्यातलं, क्लिंडामायसिन अजून वेगळं. शेवटी मायसिन असणं म्हणजे ते जंतूंपासून मिळालं एवढंच कळतं, एका घरचं आहे असं नाही. आणि व्हॅन्कोमायसिनची भानगड निराळीच, ते निदान तासभर लावून सोडायचं, घाई केली की पेशंटचं तोंड-मान लालबुंद होते.

विडीवाल्या विद्यार्थिनीचं उत्तर मला सगळ्यात आवडलं, त्याच धाग्यानं पुढं जा. आपल्या जिल्ह्यात डाळिंब आणि द्राक्षांची फवारणी किती चालते ते सांगायला नको, कीटकनाशक पोटात गेलेला किंवा अंगावर उडालेला पेशंट प्रत्येक मुलगी पोस्टिंगला बघणारच. लाळ, घाम, छातीत घुरघुर, बाहुली टाचणीएवढी, हे सगळं मस्करिनिक. अ‍ॅट्रोपिन हे थांबवतं. अँप्यूल ०.६ मिलिग्रॅमची, आणि अशा पेशंटला दर पाच मिनिटांनी डोस दुप्पट करत जातात, फोडलेल्या काचांचा ढीग पडतो. किती द्यायचं? छाती कोरडी होऊन नाडी ८० च्या वर जाईपर्यंत. कुणाला आधी कळणार छाती कोरडी झाली ते? कानाला स्टेथो लावून बसलेल्या सिस्टरलाच. जास्त झालं तर ताप, बडबड, पोट फुगणं.

पण अ‍ॅट्रोपिन निकोटिनिकला हात लावत नाही, स्नायू तसेच लुळे राहू शकतात. त्यासाठी पाम (प्रालिडॉक्सिम) हे दुसरं औषध देतात. आणि पेशंट सुधारला म्हणून वॉर्डात हलवला तरी विषबाधेनंतर एक ते चार दिवसांत श्वासाचे स्नायू ढिले पडू शकतात. त्याची पहिली खूण साधी आहे, उशीवरून मान उचल म्हणायचं. नाही उचलली तर लगेच कळवायचं. मान उचलणं हे फार्माकॉलॉजी आहे, हे मुलींना सांगा.

ऑटोनॉमिकचं दुसरं टोक शिकवायला विंचू घ्या. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर, ज्यांना २०२२ साली पद्मश्री मिळाली, त्यांनी लाल विंचवाच्या दंशाला प्राझोसिन वापरून दाखवलं. विषानं अंगातलं अ‍ॅड्रिनॅलिन उसळतं, हातपाय गार, घाम, फुप्फुसात पाणी. प्राझोसिन म्हणजे अल्फा ब्लॉकर, म्हणजे आपल्या भाषेत रुमाल. मूळ काम रक्तदाब कमी करायचं, म्हणूनच पहिल्या डोसनंतर पेशंटला उभं करायचं नाही, चक्कर येऊन पडतो. आपल्याच राज्यातल्या एका खेड्यातल्या दवाखान्यात सुरू झालेली गोष्ट आहे, मुली ताठ बसून ऐकतात.

एवढं सांगून एक विरोध नोंदवतो. आयसीयू सिस्टर, वर्गीकरण फेकू नका हो. लॅसिक्सचं बीपी-युरिन-पोटॅशियम पाठ केलं आणि उद्या त्याच घरचं टॉर्सेमाईड आलं तर? घराणं माहीत असेल तरच नव्या औषधाला जुनी काळजी लावता येते.

आयसीयू_नाईट:

सर नंतर उचला म्हटलं होतं मी, वाचा नीट :) पण टॉर्सेमाईडचं पटलं.

नवी_ट्यूटर_सोलापूर:

सगळ्यांना एकत्रच लिहिते, दहा दिवस मध्ये गेले, गड्ड्याच्या जत्रेच्या सुट्ट्या होत्या.

सिरिंजचा तास घेतला. पाण्यात कुंकू कालवलं, दोन बाटल्यांवर ४० आणि १०० अशी चिठ्ठी चिकटवली, दोन्ही टोप्यांच्या सिरिंजा मिसळून ट्रेमध्ये ठेवल्या आणि नुसतं म्हटलं २० युनिट काढा. बाटलीवरची चिठ्ठी वाचायला सांगितलं नाही मुद्दाम. ३८ पैकी ११ जणींनी चुकीची सिरिंज उचलली, आणि त्यात आमची टॉपर होती, जिनं किडनी रंगवली होती ती. ती रडायलाच लागली. मला वाईट वाटलं, पण मग मीच सांगितलं की आयसीयूच्या एका सिस्टरनी फेनिटोईन डेक्स्ट्रोजमध्ये घातलं होतं (सॉरी सिस्टर, नाव नाही घेतलं, मला माहीत पण नाही) तेव्हा जरा शांत झाली.

गणितात सगळ्यात फास्ट कोण निघाली सांगू? एक अगदी मागं बसणारी, कधी हात वर न करणारी. वडील टॉवेलच्या कारखान्यात, ती घरी डझनाचा आणि गठ्ठ्याचा हिशोब लिहिते. ५ मिलीत १२५ म्हणजे १ मिलीत २५, म्हणजे १५० ला ६, असं तोंडी. फॉर्म्युला लिही म्हटलं तर लिहिता आला नाही तिला. आता मी ठरवलंय आधी १ मिलीत किती ते काढायचं, फॉर्म्युला नंतर. मला स्वतःला पण तेच सोपं जातंय खरं तर.

एसटीचा रुमाल हिट आहे. फक्त एकीनं पेपरात अँटागोनिस्टची व्याख्या हँकरचीफ अशी लिहिली, त्याचं काय करू कळत नाही, अर्धा मार्क दिलाय.

शेवटची दहा मिनिटं इंग्लिश लिहिण्याची वही पण सुरू केली. वरून अजून काही बोलले नाहीत, बघू.

आता एक विचारायचंय. वॉर्डातल्या रिकाम्या अँप्यूल आणि व्हायल गोळा करून वर्गात एक ट्रे करावा म्हणतेय, म्हणजे पोरींना लेबल वाचायची सवय लागेल, दिसायला सारख्या असलेल्या बाजूबाजूला ठेवता येतील. बाळंतपणात लागणाऱ्या ऑक्सिटोसिनच्या जागी घाईत मेथर्जिन हाताला लागलं तर काय, बीपी जास्त असलेल्या बाळंतिणीला मेथर्जिन गेलं तर काय, हे डोळ्यांनी बघून कळेल. चालेल ना?

आयसीयू_नाईट:

नाही चालणार ताई. वापरलेली काच निळ्या डब्यात जाते, बाहेर नेता येत नाही, आणि फोडलेल्या अँप्यूलनी पोरी हात कापून घेतील ते वेगळंच. कागदी खोकी न्या, त्यावर सगळं छापलेलं असतं. अँप्यूलचे फोटो काढा, लेबल वाचता येईल असे जवळून, मागं चार्ट किंवा पेशंटचं नाव येऊ देऊ नका, आणि आधी इन्चार्जना विचारा. आणि मेथर्जिन-ऑक्सिटोसिनची खोकी लेबर रूमला मागा, दोन्ही फ्रीजमध्ये शेजारीशेजारीच असतात, तो फ्रीजच दाखवा एकदा उघडून, बाकी काही सांगायची गरज पडणार नाही.

फेनिटोईनवाली मीच आहे हे आता सगळ्या सोलापूरला कळलं बहुतेक.

नवी_ट्यूटर_सोलापूर:

बरं सिस्टर, खोकी मागते. आणि पुढच्या आठवड्यात पोरींना हार्ट फेल्युअरची औषधं घ्यायचीयत, डिगॉक्सिन द्यायच्या आधी नाडी मनगटाला मोजायची की छातीवर पूर्ण मिनिटभर, आमच्यात दोन मॅडममध्ये दोन मतं आहेत.

जुनी_सिस्टर_ट्यूटर:

छातीवर, पूर्ण एक मिनिट. ६० च्या खाली आली तर डोस थांबवून डॉक्टरांना विचार. दुसऱ्या मॅडमला माझं नाव सांग, माझ्याच हाताखाली शिकलेली असेल.